मूठ त्याला, शिवी ह्याला

“मेल्या, डोळे फुटले काय तुझे? सरक तिथून, सरक…”

एवढं ओरडून झालं होतं आणि पुढचे तीन शब्द तोंडातून सुटले होते. ते तीन शब्द मी इथे लिहिणार नाही. लिहिले तर छापखान्यातल्या खिळ्यांना गंज चढेल. ओरडणारा मी होतो. उजवा हात डोक्याच्या वर, मूठ आवळलेली. डाव्या हातात तारेची भेंडोळी ओढायचा लोखंडी आकडा. समोर आमच्या शेडचे सुपरवायझर साहेब, आणि त्यांच्या टकलाच्या वर हातभर अंतरावर दोन रेड्यांच्या वजनाचं तारेचं भेंडोळं चेनकप्पीला लटकून हळूहळू खाली येत होतं.

साहेब उलटे चालत होते. फिटरला बंद पडलेल्या मशीनमधला काही बिघाड दाखवत, त्याच्याकडे तोंड आणि भेंडोळ्याकडे पाठ, असे एक एक पाऊल मागे येत होते. कप्पीची साखळी ओढणारा गडी भेंडोळ्याच्या पलीकडच्या बाजूला होता. त्याला साहेब दिसत नव्हते, कारण मध्ये भेंडोळंच आडवं आलेलं. त्याला फक्त मी दिसत होतो. म्हणून मूठ त्याच्यासाठी होती: आहे तिथेच धर. शिवी साहेबांसाठी होती: सरक. दोन माणसांना एकाच वेळी दोन निरोप द्यायचे होते आणि देवाने मला तोंड एकच दिलंय, म्हणून एक निरोप हाताने दिला. यात न समजण्यासारखं काय आहे, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

गड्याने साखळी धरली. भेंडोळं जागच्या जागी थांबलं. साहेब गर्रकन वळले, माझी मूठ बघितली, आकडा बघितला, आणि बाजूला अशी उडी मारली की खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवटी मासळीने शिकवणी लावावी. खाली चुन्याचं पाणी सांडलेलं. ॲसिडमधून काढलेली तार आमच्याकडे चुन्याच्या हौदात बुडवायची, आणि हौदाच्या कडेने निथळलेलं पाणी वाहून जायला एक उथळ पन्हळ होती. साहेब त्या पन्हळीत बसले. बसले म्हणजे अगदी पाटावर बसावं तसे, मांडी घालून. उठले तेव्हा कमरेच्या वर साहेब होते आणि कमरेच्या खाली नुकतीच रंगवलेली भिंत होती.

शेड हसली. पॅकिंगच्या बायका हसल्या, फिटर हसला, गेटवरचा वॉचमन कशासाठी तरी आत आला होता, तोही हसला. हसण्याचा आवाज मशीनच्या आवाजावर चढला, आणि हे त्या शेडमध्ये आधी कधीच झालं नव्हतं.

मी पंजा खाली केला. गड्याने साखळी सोडली. भेंडोळं कोंबडी अंड्यावर बसावी तसं ट्रॉलीवर जाऊन बसलं. कोणाला खरचटलंही नाही. काहीच घडलं नाही, आणि तिथेच माझा घात झाला. भेंडोळं पडलं असतं, साहेबांचा चपटा पापड झाला असता, तर सगळ्या बोईसरने म्हटलं असतं की हा बिचारा ओरडला होता हो, पण साहेबांचं नशीब फुटकं. पण न पडलेल्या भेंडोळ्याची साक्ष कोण काढणार? जे झालं नाही ते कोणालाच दिसत नाही. दिसली ती मूठ.

दुसऱ्या दिवशी गेटवर मला आत सोडलं नाही. हातात आरोपपत्र दिलं. त्यात लिहिलं होतं की मी वरिष्ठांवर हात उगारला, हत्यारासह, अर्वाच्य भाषेत, सर्वांसमक्ष. हत्यार म्हणजे तो आकडा. त्या आकड्याशिवाय मला पगार कशाचा मिळत होता, हे त्यांनी लिहिलं नव्हतं.

आता थोडं आमच्या तोंडाबद्दल सांगतो, कारण सगळा आरोप त्याच्यावर होता.

मी नवापूरचा. सात पिढ्या होडीवर. आमच्या गावात हळू बोलणाऱ्याला आजारी समजतात. माझा बापूस होडीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या. त्याने किनाऱ्यावर उभं राहून जाळं आवरायला हाक दिली, तर समुद्रातली होडी ऐकायचीच, पण वाणगावच्या फलाटावर बसलेले लोक गाडी आली म्हणून पिशव्या उचलायचे. माझी आय बोंबील वाळत घालायच्या वलांडीखाली उभी राहून कावळे हाकलायची, तेव्हा तारापूरचे कावळेसुद्धा खबरदारी म्हणून उडायचे. अशा दोघांच्या पोटी मी जन्मलो. जन्मलो तेव्हा पहिल्या रडण्यातच सुईणीच्या कानात दडे बसले असं आय सांगायची, आणि आय खोटं बोलत नसे, फक्त मोठ्याने बोलायची.

पण होडीला इंजिन लागलं तेव्हापासून बापसाचा आवाजही पुरेना. वारा एका बाजूने, इंजिन दुसऱ्या बाजूने. मग होडीवर हाताची भाषा आली. मूठ वर केली की आहे तिथेच धर. पंजा खाली की सोड. दोन बोटं फिरवली की ओढ. आणि धोक्याच्या वेळी या हाताबरोबर शिवी, ती चुकवायची नाही. बापसाने मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पाण्यात माणसाला चांगल्या शब्दाने सावध केलं, तर तो वाक्य पुरं व्हायची वाट बघतो. ‘अरे बाबा, जरा मागे’ म्हणेपर्यंत दोरी त्याचा पाय घेऊन गेलेली असते. शिवी ऐकली की अंग आधी हलतं, डोकं मागून येतं. म्हणून आमच्या होडीवर ज्याच्यावर जास्त जीव, त्याला जास्त घाण शिवी. मला बापसाने दिलेल्या शिव्या मी मोजल्या असत्या, तर मला कळलं असतं की माझ्याएवढा लाडका मुलगा किनाऱ्यावर दुसरा नव्हता.

होडी नंतर चुलतभावांकडे गेली आणि मी कारखान्यात लागलो. किनाऱ्यावर माझी खूप टिंगल झाली. हा आता नळाच्या चावीचं पाणी पिणार, हा आता मच्छी विकत घेणार, हा आता साहेबासारखा हळू बोलणार. मी ऐकून घेतलं. मला कायम व्हायचं होतं. आमच्या घरात आजवर कोणी कशात कायम नव्हतं, समुद्रात कसलं कायम असणार? कायम व्हायला काही महिने राहिले होते तेव्हा साहेब पन्हळीत बसले.

तार ओढायच्या शेडमध्ये पहिल्या दिवशी शिरलो तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं होतं. इतका आवाज, की मी गप्प बसलोय की बोलतोय हे माझं मलाच कळेना. बाकीचे एकमेकांच्या कानाला तोंड लावून ओरडायचे आणि तरी चुका करायचे. मी होडीचे हात वापरायला लागलो. आधी कप्पीवरच्या गड्याने घेतले, मग ॲसिडवाल्याने, मग उत्तरेकडून आलेल्या कामगारांनी, ज्यांचं हिंदी मला कळत नव्हतं आणि माझं मराठी त्यांना. वर्षभरात सगळी शेड नवापूरच्या होडीसारखी हात हलवत होती. फक्त साहेबांनी शिकून घेतलं नाही. ते शेडमध्ये कमी यायचे, आणि यायचे तेव्हा हात पाठीमागे बांधून.

साहेबांचं बोलणं मृदू. इतकं मृदू की कानाला तूप लावल्यासारखं. ‘छान चाललंय हं तुमचं,’ असं म्हणायचे आणि त्या वेळी घड्याळाकडे बघत असायचे. ‘काही अडचण असली तर माझ्याकडे या,’ म्हणायचे आणि म्हणता म्हणता चालू लागायचे. एकदा आधीच्या ॲसिडवाल्याला त्यांनी ‘बाबा रे’ म्हणत, हसत, खांद्यावर हात ठेवून कामावरून काढलं. तो बिचारा घरी जाऊन बायकोला सांगत होता की साहेब आज फार चांगले बोलले. बायकोने विचारलं, काय बोलले? तेव्हा त्याला कळलं. असल्या माणसाची कोणी चौकशी लावत नाही. तो ओरडलेला नसतो. त्याची मूठ खिशात असते.

चौकशीसाठी पालघरचे एक वकील नेमले होते. उंच, झोपाळू, कोट घातलेले, आणि कोटाच्या खिशात सुपारी. बाजूला टंकलेखक. कारखान्याच्या ऑफिसात पंख्याखाली आम्ही बसलो. बापसाने निघताना एकच सांगितलं होतं, तिकडे गप राहायचं, हात मांडीवर ठेवायचे. मी तसा बसलो. आणि इथेही माझं चुकलं, कारण आमच्या गावात माणूस गप बसला की समजायचं, आता खरा राग आलाय. माझं थोबाड गप बसलं की कसं दिसतं ते मला माहीत आहे. वकिलांनी माझ्याकडे दोनदा बघितलं आणि खुर्ची जरा मागे सरकवली.

पहिला साक्षीदार टाइमकीपर. त्याची केबिन काचेची, शेडच्या वर, जिना चढून. आत बसलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही. त्याने सांगितलं, मूठ उगारलेली पाहिली. आकडा पाहिला. साहेब घाबरून बाजूला उडाले ते पाहिलं. खोटं एक अक्षर नाही.

दुसरा स्टोअरवाला. त्याची खोली पत्र्याच्या पलीकडे. त्याला शेडमधलं काही दिसत नाही, पण पत्र्याला तडा गेलेला होता, त्या दिवशी त्या बाजूचं मशीन बंद होतं, आणि माझा आवाज तर पत्रा नसता तरी आणि असता तरी तितकाच. त्याने सांगितलं, शिवी ऐकली. वकिलांनी कुठली, विचारलं. त्याने ती अख्खी म्हणून दाखवली, माझ्याच चालीत. टंकलेखक थांबला. वकिलांनी सुपारी तोंडात टाकली. त्याचंही खोटं एक अक्षर नाही.

असं बघा, एकाने डोळे आणले, एकाने कान आणले, दोन्ही जोडून माझ्या गळ्यात फास तयार. डोळेवाल्याला शिवी कोणासाठी होती ते माहीत नाही, कानवाल्याला मूठ कोणासाठी होती ते माहीत नाही, पण दोघांची बेरीज करणाऱ्याला सगळं माहीत. मला एवढा संताप आला की मांडीवर ठेवलेले हात आपोआप उठले. मी उभा राहून सांगायला लागलो की मूठ त्याला होती हो, शिवी ह्याला होती. सांगताना एक हात वर गेला आणि आवाजही गेला. टंकलेखकाच्या टेबलावरचे कागद उडाले. पंख्याने उडाले असतील, पण त्या क्षणी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. टंकलेखकाने टक टक टक केलं. पुढे वाचून दाखवलं तेव्हा कळलं, त्याने टाइप केलं होतं: आरोपीने चौकशीतही हातवारे व आरडाओरडा केला.

म्हणजे मी गप बसलो तरी गुन्हेगार दिसतो आणि बोललो तरी.

तिसरा साक्षीदार माझा. कप्पीवरचा गडी. जव्हारकडचा, डोंगरातला. भात कापून झालं की कामाला खाली यायचा, आणि यंदा शेती भावावर टाकून राहिला होता. ज्याने पाहिलंही आणि ऐकलंही असा शेडमध्ये तो एकटाच. माझा सगळा जीव त्याच्यावर टांगलेला, कप्पीशिवाय.

वकिलांनी त्याला समोर उभं केलं आणि एका दमात विचारायला सुरुवात केली. हा माणूस भांडखोर आहे असं लोक म्हणतात. गड्याने मान हलवली. त्या दिवशी तो रागात होता. मान हलवली. त्याने मूठ वर केली. मान हलवली. ती साहेबांच्या दिशेने होती. मान हलवली, खाली बघत, आणि ओठात थोडं हसत.

मी मनात म्हटलं, विकला गेला. ह्याच्याबरोबर मी भाकरी खाल्ली, ह्याला नवापूरचे बोंबील आणून दिले, ह्याला होडीचे हात शिकवले, आणि हा जमिनीकडे बघून हसतोय. वकिलांनी ‘साक्षीदाराने मान्य केले’ असं लिहायला सांगितलं आणि पुढची तारीख दिली.

बाहेर रस्त्यावर मी त्याला गाठलं. काय काय बोललो ते सांगत बसत नाही. ते ऐकून समोरच्या केमिकल कंपनीच्या चिमणीचा धूर थोडा वेळ आत गेला. तो शांतपणे बिडी पेटवत होता. माझं संपल्यावर म्हणाला, “झाला?”

“मान का हलवलीस?”

“तो कोटवाला गोष्ट सांगत व्हता. मी ऐकत व्हतो.”

मला काही कळेना. मग त्याने सांगितलं. त्याच्या पाड्यावर कोणी म्हातारा गोष्ट सांगायला बसला की समोर एकाला हुंकार द्यायला बसवतात. सांगणारा सांगतो, हा मान हलवतो, हं हं करतो. मान हलली नाही तर सांगणारा थांबतो, त्याचा अपमान होतो. राक्षसाला सात तोंडं होती, हं. राजा मुंगीच्या पाठीवर बसला, हं. त्या हं करणाऱ्याला कोणी असं विचारत नाही की बाबा, तू तो राक्षस पाहिलास का?

“त्याने मला इचारला कुठं,” तो म्हणाला. “तो सांगतच गेला. मोठा माणूस सांगतो तर मधी बोलायचा नाय. मला वाटला, त्याचा झाला की मला इचारल.”

“आणि हसलास कशाला?”

“तू कोपऱ्यात कसा बसलेलास. हात मांडीवर, डोळे लाल. मला वाटला, हा आता वकिलाला मारतो.”

माझा राग तिथल्या तिथे उतरायला हवा होता. उतरला नाही. तो फक्त सरकला, गड्यावरून निघून पंख्याखालच्या खुर्चीवर जाऊन बसला. मी त्याला म्हटलं, पुढच्या वेळी मधीच बोल. तो म्हणाला, बोलतो, पण तू त्या वेळी तोंड बंद ठेव. मी म्हटलं, तोंड बंद ठेवलं तरी ते लिहितात. तो म्हणाला, मग थोबाड घरी ठेवून ये.

घरी तेवढे दिवस मी बोललो नाही. आय घाबरली. मी रोज ताटावर ओरडायचो, मीठ कमी, तिखट जास्त, भात मऊ. तेव्हा ती निवांत असायची. आता मी गप्प जेवून उठायला लागलो तर ती शेजारणीला सांगायची, पोराचं काहीतरी बिनसलंय. बापूस किनाऱ्यावर जायचं टाळायचा. तिथे लोक मुद्दाम मोठ्याने माझी विचारपूस करायचे. एका म्हाताऱ्याने तर विचारलं, तुझ्या पोराने साहेबाला धुतला म्हणतात, चुन्यात? बापूस म्हणाला, नाय. म्हातारा निराश झाला.

पुढच्या तारखेला मी वकिलांपुढे एकच मागणी केली. हात मांडीवर ठेवून, जमेल तितक्या बारीक आवाजात केली, त्यामुळे ती त्यांना पहिल्या वेळी ऐकूच गेली नाही. दुसऱ्यांदा सांगितलं: शेडमध्ये चला, मशीन चालू असताना. जिथून टाइमकीपरने बघितलं तिथून बघा.

साहेबांनी गोड हसून हे अनावश्यक आहे असं सांगितलं. वकील बहुधा पंख्याखाली कंटाळले होते. ते उठले.

काचेच्या केबिनमध्ये वकील उभे राहिले, बाजूला टाइमकीपर, दारात मी आणि साहेब. खाली शेड कामात. वकिलांनी नाक काचेला लावलं. थोड्या वेळात ॲसिडवाल्याने मूठ वर केली. मग ट्रॉलीवाल्याने. मग एका हिंदीवाल्याने दोन्ही मुठी, कारण दोन भेंडोळी एकदम येत होती. पॅकिंगच्या बाईने एका हाताने पदर सावरत दुसऱ्या हाताने मूठ वर केली, आणि तिचं तोंडही हलत होतं, ती काय म्हणत होती देव जाणे. वकिलांनी टाइमकीपरकडे वळून विचारलं की आज एवढी सगळी कोणाकोणाला मारतायत?

टाइमकीपर म्हणाला, ही मारामारी नाही साहेब, हे काम आहे.

मग त्या दिवशीचीच मारामारी कशी?

तो गोंधळला. आधी म्हणाला, त्या दिवशी साहेब पडले होते. मग म्हणाला, आणि चहाच्या टपरीवर स्टोअरवाल्याने सांगितलं की फार घाण शिवी होती.

वकिलांनी स्टोअरवाल्याला बोलावलं. त्याला विचारलं, तू शिव्या रोज ऐकतोस ना? तो म्हणाला, रोज ऐकतो, मशीन थांबलं की तड्यातून तेच तर ऐकू येतं. मग त्या दिवशीची शिवी भांडणाची हे कशावरून? तो म्हणाला, टाइमकीपरने टपरीवर सांगितलं की मूठ उगारली होती.

म्हणजे बेरीज कोणी केली होती ते कळलं. अर्धा अर्धा चहा घेतला होता दोघांनी, आणि अर्धं अर्धं मला. दोघे वाईट नव्हते, हेच मला जास्त डाचलं. वाईट असते तर मी त्यांना माझ्या पद्धतीने चार शब्द सांगितले असते आणि मोकळा झालो असतो.

मग कप्पीवरच्या गड्याला वर बोलावलं. वकिलांनी ‘तर तू त्या दिवशी…’ अशी सुरुवात केली, आणि त्याने, आयुष्यात पहिल्यांदा असेल, मोठ्या माणसाला मध्येच थांबवलं. म्हणाला, ह्याने मूठ माझ्यासाठी केली. मला साहेब दिसत नव्हते, मी तर सोडणारच होतो. ह्याने मूठ केली नसती तर आज तुमी दुसरीच चौकशी करत बसले असते, आन ती माझी.

वकिलांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी हात पाठीमागे बांधले आणि सांगितलं की त्या क्षणी त्यांना जे वाटलं ते त्यांनी लिहून दिलं, त्यात कोणाबद्दल आकस नाही. हे सांगताना ते माझ्याकडे बघून इतकं छान हसले, की टंकलेखकाने ते टाइप करायला हवं होतं. पण हसणं टाइप करायची चाल नाही. ओरडणं टाइप करतात.

निकाल लागला. हात उगारल्याचा आरोप गेला. मला कामावर परत घेतलं. पण शिवी राहिली. शिवी मी दिलीच होती, आणि वरिष्ठांना दिली होती, म्हणून सक्त ताकीद, आणि सगळ्या शेडसमोर हात जोडून साहेबांची माफी. नाहीतर कायम व्हायचं विसरा.

मला विचारा, राग म्हणजे काय. एका माणसाचा जीव वाचवायचा, त्यासाठी आपली रोजीरोटी घालवायची पाळी आणायची, आणि मग तोच जीव जिथे उभा आहे तिथे जाऊन हात जोडायचे. घरी सांगितलं तर आय म्हणाली, जोड हात, हाताला काय लागतं? बापूस काही बोलला नाही. बापूस बोलला नाही म्हणजे त्याचा राग माझ्यापेक्षा मोठा होता, आणि त्या घरात तेवढी जागा नव्हती.

माफीच्या दिवशी मॅनेजर वर काचेच्या केबिनमध्ये आले, टाइमकीपरशेजारी उभे. सगळी शेड गोळा. मशीन मात्र कोणी बंद केलं नाही, ऑर्डर अर्जंट होती. मी साहेबांच्या समोर गेलो. हात जोडले. मान खाली घातली. चेहरा असा केला की देवळातल्या पुजाऱ्याने दक्षिणा परत दिली असती. आणि त्या चेहऱ्याने, त्या जोडलेल्या हातांनी, मशीनच्या आवाजात मी साहेबांना तेच तीन शब्द सांगितले. जे मी इथे लिहीत नाही ते. हळू नाही सांगितले, नवापूरच्या आवाजात सांगितले, पण त्या आवाजातही ते हातभर अंतरावरच पोचले.

केबिनमधून मॅनेजरनी मान डोलावली. पॅकिंगची एक म्हातारी बाई पदराने डोळे पुसत होती. गड्याने कप्पीजवळून माझ्या ओठांकडे बघितलं आणि चटकन तोंड वळवून साखळी ओढायला लागला. त्याची पाठ हलत होती.

साहेबांनी ऐकलं होतं. त्यांच्या कानाची पाळी लाल झाली. पण वर काच होती, समोर शेड होती, आणि सगळ्यांना जोडलेले हात दिसत होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, हसले, आणि ‘असू दे, असू दे’ असं म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत ते शेडमागच्या नळावर हात धुवत होते. मशीनचा आवाज तिथे कमी. आसपास कोणी नव्हतं. मी जाऊन उभा राहिलो. ते काही बोलतील असं वाटलं होतं, सकाळच्या तीन शब्दांबद्दल, पण ते साबण लावत राहिले. एवढे दिवस जे पोटात होतं ते मग मीच विचारलं. ओरडलो नाही. हात हलवले नाहीत.

“साहेब, त्या दिवशी तुम्ही वळलात तेव्हा भेंडोळं तुमच्या डोक्यावर होतं. मूठ तुम्हाला नव्हती. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?”

त्यांनी नळ बंद केला. रुमाल काढला. एकेक बोट पुसलं.

“कळलं होतं,” ते म्हणाले. “पण सगळे बघत होते.”